पहिल्या रॅली गाडीचा रोल केज : धुळ्यातील एका ट्रॉली वर्कशॉपच्या कामाचे परीक्षण

धुळे शहराबाहेर, आग्रा महामार्गालगत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि ट्रकच्या बॉड्या बांधणारी बरीच वर्कशॉप आहेत. त्यांपैकी एका वर्कशॉपमधून मी गेल्या वर्षी माझ्या जुन्या मारुती स्विफ्टमध्ये रोल केज बसवून घेतला. रोल केज म्हणजे गाडी उलटली तर आत बसलेल्या दोघांच्या भोवतीची जागा शाबूत ठेवणारा पोलादी पाइपांचा पिंजरा. त्या वर्कशॉपचे मालक, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांनी नाव लिहू नका अशी विनंती केली, कारण वर्षातून अशा एखाद-दुसऱ्या गाडीपेक्षा अधिक काम त्यांना घ्यायचे नाही. ती विनंती मी पाळतो आहे. तरीही हे परीक्षण लिहावेसे वाटले, कारण रॅलीची गाडी म्हटले की पुणे किंवा कोइमतूर गाठलेच पाहिजे असा आपल्याकडे समज आहे, आणि ज्या कारागिरांनी आयुष्यभर दहा टन माल वाहणारे सांगाडे जोडले त्यांच्याकडे या कामासाठी कोणी जातच नाही. त्यांच्याकडे गेल्यावर काय मिळते, काय मिळत नाही आणि कोणत्या गोष्टींवर गिऱ्हाइकाने स्वतः अडून बसायला हवे, हे पहिली गाडी बांधू पाहणाऱ्यांना कळावे एवढाच माझा हेतू आहे.

गाडीविषयी थोडक्यात सांगतो. माझी स्विफ्ट २००७ सालची, १२९८ सीसी पेट्रोल इंजिनाची आहे. २०१० मध्ये या इंजिनाची जागा ११९७ सीसीच्या इंजिनाने घेतली, पण जुन्याचे सुटे भाग आजही तालुक्याच्या गावी मिळतात आणि ते उघडून बसवणारा मिस्त्रीही मिळतो. पहिल्या गाडीसाठी हा गुण अश्वशक्तीपेक्षा मोठा आहे. जिप्सीचा मोह मलाही होता, कारण लॅडर चॅसिस (शिडीसारखा स्वतंत्र पोलादी सांगाडा) आणि चारही चाकांना मिळणारी ताकद यांमुळे ती खडकाळ वाटेवर फार सोसते. परंतु नवी जिप्सी मिळणे बंद झाल्यापासून चांगल्या जुन्या गाडीचे मोल माझ्या आवाक्याबाहेर गेले. गाडी निवडताना इंजिनापेक्षा पत्रा पाहावा. पुढच्या शॉकअप्सर टॉवरभोवतीचा भाग, दाराखालची पट्टी आणि मॅटखालची जमीन या तीन जागी गंज किंवा जुन्या अपघाताची पुटी असेल, तर ती गाडी फुकटातही घेऊ नये, कारण केज शेवटी याच पत्र्याला धरून उभा राहणार असतो. या बाबतीत आपली कोरडी हवा उपकारक आहे : अमळनेर, पारोळा, चाळीसगाव भागात वापरलेल्या गाडीचा पत्रा समुद्रकाठच्या गाडीपेक्षा बहुधा निरोगी निघतो.

आता मुख्य विषय. नानांकडे जाण्यापूर्वी मी दुसऱ्या एका शहरातल्या दुकानात विचारणा केली होती. तेथे जीपवर शोभेचे क्रोम केलेले रोल बार बसवले जात, आणि त्याच पाइपाचा केज आठवड्यात करून देतो असे मला सांगण्यात आले. पाइपाचे कापलेले टोक हातात घेतल्यावर आतल्या बाजूने उभी शिवण स्पष्ट दिसली, म्हणजे तो पत्रा गोल वळवून जोडलेला साधा ईआरडब्ल्यू पाइप होता. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे फिया, यांच्या नियमावलीतील परिशिष्ट जे, कलम २५३ यात केजचे माप आणि धातू ठरवून दिलेले आहेत. पाइप सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा, आणि थंड अवस्थेत ओढलेला असावा, पोलाद मिश्रधातू नसलेले आणि जास्तीत जास्त ०.३ टक्के कार्बनचे असावे, त्याची ताण सोसण्याची शक्ती दर चौरस मिलिमीटरला किमान ३५० न्यूटन असावी. मेन हूपसाठी, म्हणजे सीटमागच्या मुख्य कमानीसाठी, ४५ मिलिमीटर व्यासाचा व २.५ मिलिमीटर जाडीचा, किंवा ५० व्यासाचा व २ जाडीचा पाइप लागतो; इतर भागांसाठी ३८ व २.५, किंवा ४० व २ चालतो. केजला क्रोम करण्यास त्याच कलमात मनाई आहे. त्या दुकानदारांना हे दाखवले तेव्हा त्यांनी कागद बाजूला सारला आणि मी गाडी परत आणली. गॅल्व्हनाइज्ड पाण्याचा पाइप वापरून काम स्वस्तात करू, असेही काही ठिकाणी सुचवले जाते. त्यावरच्या जस्ताचा धूर वेल्डरच्या फुप्फुसाला घातक असतो आणि तेच जस्त सांध्यात मिसळून सांधा कमकुवत करते, म्हणून ती सूचना दोन्ही बाजूंनी वाईट आहे.

नानांनी मात्र कागद ठेवून घेतला, चष्मा लावून मापे वाचली आणि पहिलाच प्रश्न विचारला : "पाइपाचं टेस्ट सर्टिफिकेट तुम्ही आणणार की मी मागवू?" त्या क्षणी मी निर्णय घेतला. हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामामुळे सीडीएस, म्हणजे थंड ओढलेला सीमलेस पाइप, त्यांच्या रोजच्या वापरातला होता. पाइप आला तेव्हा व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक नळीची दोन्ही टोके मोजून घेतली आणि प्रमाणपत्रावरचा हीट नंबर (पोलादाच्या ओतीचा क्रमांक) नळीवरच्या शिक्क्याशी जुळवून पाहिला. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते गिऱ्हाइकाने स्वतःच उभे राहून करावे, कारण एकदा रंग चढला की साधा पाइप आणि सीमलेस पाइप बाहेरून सारखेच दिसतात.

वाकवण्याच्या कामात पहिली अडचण आली. त्यांचे पाइप बेंडिंग मशीन ट्रॉलीच्या कठड्यांसाठी पुरेसे होते, पण त्यात आतून आधार देणारा मँड्रेल नव्हता. मेन हूपचा पहिला वाक चपटा झाला : मोजल्यावर एका बाजूने ४० मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूने ४७.५ मिलिमीटर भरला, म्हणजे लहान व मोठ्या व्यासाचे गुणोत्तर ०.८४ आले. नियमानुसार ते ०.९ पेक्षा कमी असता कामा नये आणि वाकाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट असायला हवी. मी संकोचत ही गोष्ट काढली, कारण पाइप महाग होता आणि चूक त्यांच्या माणसाची होती. नानांनी तो हूप स्वतःच्या खर्चाने बाजूला काढला, ओळखीच्या एका कारखान्यातून मँड्रेल असलेल्या मशीनवर दुसरा वाकवून आणला, आणि तो ४३ व ४६ मिलिमीटर, म्हणजे ०.९३ भरला. बाद झालेला हूप आजही वर्कशॉपच्या दारात पडदा टांगायला वापरला आहे. या एका प्रसंगावरून मी त्या वर्कशॉपला जे गुण दिले, ते पुढच्या कोणत्याही चुकीने कमी झाले नाहीत.

जोडकामाबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथेच या लोकांची खरी ताकद दिसते. नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर चपखल बसावे म्हणून त्याला माशाच्या तोंडासारखा आकार देतात. बरेच कारागीर हे ग्राइंडरने अंदाजे करतात आणि राहिलेली फट वेल्डिंगच्या मालाने भरतात. येथे होल सॉ लावून प्रत्येक तोंड कापले गेले आणि फट नखाएवढीही राहिली तर तुकडा बाद केला गेला. वेल्डिंग सीओटू मशीनवर झाले. सुरुवातीला त्याच पाइपाच्या तुकड्यांचे दोन नमुना सांधे करून घेतले. एक करवतीने उभा कापून माल आतपर्यंत मुरला आहे का ते पाहिले, दुसरा शिकंजात धरून घणाने वाकवला, तेव्हा नळी दुमडली पण सांधा सुटला नाही. ही परीक्षा कोणत्याही गावात, कोणत्याही यंत्राविना करता येते. ती करू न देणाऱ्या वेल्डरकडे केजचे काम देऊ नये.

सांधा नळीच्या संपूर्ण परिघाभोवती वेल्ड झाला पाहिजे हा नियम वाचायला सोपा वाटतो, पण छताला लागून असलेल्या नळ्यांच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची गन पोहोचतच नाही. अनेक घरगुती केज येथेच कच्चे राहतात, कारण खालून तीन बाजू दिसतात, वरची चौथी बाजू कोणालाच दिसत नाही. मी हे विचारले तेव्हा नानांचा मुख्य कारागीर हसला आणि अहिराणीत म्हणाला, "भाऊ, हाई काम घाईनं नही शे." त्यांनी सगळा केज आधी टाचून घेतला, मग पायांच्या जागी जमिनीच्या पत्र्याला भोके पाडून अख्खा केज सुमारे वीतभर खाली उतरवला, छताजवळचे सांधे वरून पूर्ण भरले, केज पुन्हा जागेवर उचलला आणि भोकांवर फूट प्लेटा ठेवून पाय जोडले. या पद्धतीला दोन दिवस अधिक लागतात आणि गिऱ्हाइकाला बिलाशिवाय त्याची खूण कुठे दिसत नाही. ज्या वर्कशॉपमध्ये हे आपण होऊन केले जाते, तेथे निश्चिंतपणे गाडी सोडावी.

फूट प्लेटांबाबतही त्यांचे काम चोख होते. बॉडीच्या पत्र्याला जोडली जाणारी मजबुतीची प्लेट किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची हवी. त्यांनी ती जमिनीवर सपाट न ठेवता दाराखालच्या पट्टीवर काटकोनात वळवून चढवली, त्यामुळे पायाचा भार दोन पत्र्यांत वाटला गेला. मागचे दोन्ही तिरके आधार सरळ नळीचे आहेत आणि उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा अधिक कललेले आहेत. मेन हूपमध्ये फुलीच्या आकाराचे डायगोनल, म्हणजे तिरके बार, आहेत. दारांना दोन-दोन आडवे बार आहेत, ज्यांमुळे आत-बाहेर करताना पाय उचलावा लागतो. नव्या माणसाला ते त्रासाचे वाटेल, पण बाजूने झाडावर आदळणाऱ्या गाडीत चालकाच्या बरगड्या आणि खोड यांच्यामध्ये त्यांच्याशिवाय फक्त दाराचा पातळ पत्रा असतो.

आता उणिवा. सर्वांत गंभीर उणीव सीटच्या बैठकीची होती. कारागिराने सीटचे ब्रॅकेट सरळ जमिनीच्या पातळ पत्र्याला वेल्ड केले होते, जसे ट्रॅक्टरच्या मडगार्डवरची बैठक करतात तसे. स्पर्धेच्या गाडीत प्रत्येक सीट चार ठिकाणी किमान ८ मिलिमीटरच्या बोल्टने धरलेली असावी लागते आणि प्रत्येक बोल्टखाली, पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने, किमान ३ मिलिमीटर जाडीची व ४० चौरस सेंटिमीटरची पोलादी प्लेट असावी लागते. असे नसेल तर आदळल्यावर बोल्ट पत्रा फाडून वर येतो आणि चालक सीटसकट सुटतो. दाखवून दिल्यावर त्यांनी ते तीन दिवसांत नव्याने केले, पण मी पाहिले नसते तर ते तसेच राहिले असते. तेव्हा सीटचे नियम वेगळ्या कागदावर लिहून कामाच्या पहिल्या दिवशीच द्यावेत.

दुसरी उणीव घाईने केलेल्या रंगाची आहे. मी एका शनिवारी गेलो तेव्हा केजवर प्रायमर आणि वर पांढरा रंग चढलेला होता, गाडी देखणी दिसत होती आणि एकही सांधा तपासता येत नव्हता. स्पर्धेपूर्वीच्या तांत्रिक तपासणीत सांधे पाहिले जातात आणि रंगाखाली भेग लपते, म्हणून सांध्यांजवळचा रंग पुन्हा काढावा लागला. नंतर डाय पेनिट्रंटची, म्हणजे भेगेत मुरून ती उघड करणाऱ्या रंगाची, लाल व पांढरी फवारणी करून प्रत्येक सांधा पाहिला. एका ठिकाणी, डाव्या डोअर बारच्या टोकाला, केसाएवढी लाल रेघ उमटली, ती खोदून पुन्हा भरली. त्या एका रेघेसाठी सारा रंग काढण्याचे श्रम सार्थकी लागले असे मला वाटते.

तिसरी बाब संप गार्डची. इंजिनाखाली दगडाचा मार बसू नये म्हणून जी जाड प्लेट लावतात, ती त्यांनी ५ मिलिमीटर पोलादाची सुचवली. सुमारे एक मीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद अशी ती प्लेट ३१ किलोंची होते, आणि हा सगळा भार पुढच्या चाकांवर पडतो, जी या गाडीत वळण्याचे आणि ओढण्याचे दोन्ही काम करतात. त्याच आकाराची ६ मिलिमीटर ॲल्युमिनियमची प्लेट १३ किलोंची होते. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग त्यांच्याकडे होत नाही, म्हणून मी प्लेट कापून-वाकवून बाहेरून आणली आणि बोल्टने लावायचे ब्रॅकेट त्यांनी केले. ब्रॅकेट रेडिएटरच्या खालच्या पातळ पट्टीला न धरता इंजिनाच्या क्रॉसमेंबरला (खालच्या जाड आडव्या तुळईला) धरावेत, नाहीतर पहिल्या मोठ्या दगडावर रेडिएटर मागे सरकून पंख्यावर आदळतो. प्लेटला ऑइल काढण्याचे भोक आणि गरम हवा खाली जाण्याच्या फटी हव्यात. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि अशा हवेत फटी नसलेल्या प्लेटवर इंजिन भट्टीसारखे तापते. गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडून द्यावी, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली काळ्या मातीची धूळ दर फेरीनंतर मागच्या बाजूने पाणी मारून काढावी.

विलंबाचीही नोंद केली पाहिजे. तीन आठवड्यांचे काम सात आठवड्यांवर गेले. यात दोष अर्धा माझा आहे, कारण मी गाडी मे महिन्यात नेली. मृगाच्या तोंडावर नांगर, रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्रांची अशी रीघ लागते की शेतकऱ्याला थांबवून हौसेची गाडी पुढे घेणे कोणालाच शोभणार नाही. पेरण्या उरकल्यावर, जुलैच्या मध्यानंतर, हेच वर्कशॉप निवांत असते.

काही वस्तू या वर्कशॉपकडून अपेक्षितच करू नयेत. सीट, सहा पट्ट्यांचा हार्नेस (स्पर्धेचा सीट बेल्ट) आणि हेल्मेट या विकत घ्यायच्या, प्रमाणित वस्तू आहेत. फियाच्या ८८५५-१९९९ मानकाची सीट उत्पादनाच्या वर्षापासून पाच वर्षे वैध असते आणि हार्नेसच्या लेबलवर तो कोणत्या वर्षापर्यंत चालेल हे छापलेले असते. वापरलेली स्वस्त जोडी घेण्यापूर्वी ते लेबल वाचावे. खांद्यावरच्या पट्ट्या मागे जाताना आडव्या रेषेपासून ४५ अंशांहून अधिक खाली उतरता कामा नयेत, साधारण १० अंश उत्तम, म्हणून त्यांच्यासाठीची आडवी नळी केजमध्ये कुठे येईल हे सीट प्रत्यक्ष ठेवून ठरवावे. आम्ही हे करूनच नळी जोडली आणि ते योग्य झाले. डोके लागण्यासारख्या जागी नळीवर लावायचा फोमही प्रमाणित, ८८५७-२००१ मानकाचा घ्यावा. कारागिराने चांगल्या मनाने एसीच्या पाइपावरचा काळा फोम आणून दिला होता, पण तो बोटाने दाबला जातो आणि काडी लावल्यावर पेटतो. दोन किलोंचे अग्निशामक नळकांडे धातूच्या पट्ट्यांनी, बोल्टने, दोघांच्याही हाताला लागेल असे धरलेले असावे, आणि बॅटरीचा मुख्य प्रवाह तोडणारा स्विच आतून व बाहेरून चालवता यावा. वायरिंग मी एका वेगळ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून केले.

इंजिनावर मी जवळजवळ काहीच खर्च केला नाही. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, होज पाइप, नवे इंजिन माउंट आणि एअर फिल्टर एवढेच बदलले. पहिल्या वर्षी चालकालाच गाडीच्या मूळ ताकदीचा पूर्ण उपयोग करता येत नाही, आणि वाढवलेली ताकद कच्च्या सस्पेन्शनवर व जुन्या ब्रेकवर ओतणे धोक्याचे आहे. उरलेले पैसे शॉकअप्सर, ब्रेक पॅड आणि ताजे डॉट ४ ब्रेक ऑइल यांत घालावेत.

गाडी कापायला देण्याआधी कायद्याची बाजू समजून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि खासगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत व वेगचाचणी हे वापर वगळलेले असतात. म्हणून घरची रोजची गाडी यात घालू नये. ही गाडी वेगळी ठेवावी आणि ट्रेलरवर न्यावी. स्पर्धेसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया यांचा परवाना लागतो, आणि त्या-त्या स्पर्धेची नियमपत्रिका पाइप विकत घेण्यापूर्वी वाचावी. ज्यांना अजून खात्री नाही त्यांनी एक हंगाम टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स, रॅलीत घालवावा. तीत ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा असतो, लवकर पोहोचले तरी गुण कापले जातात, आणि गाडीत कोणताही बदल करावा लागत नाही. मी आणि माझा आतेभाऊ असेच सुरू झालो. शेजारी बसून वाट सांगणाऱ्या नेव्हिगेटरच्या आवाजावर विसंबून गाडी चालवणे मी तेथे शिकलो, आणि त्यानंतरच केजचा खर्च करण्याचे धाडस केले.

पाइप, प्लेटा आणि मजुरी मिळून नानांचे बिल ८८ हजार रुपये झाले. बाद हूपचे आणि दुसऱ्यांदा केलेल्या सीटच्या बैठकीचे पैसे त्यात लावलेले नाहीत. केजचे वजन साधारण साठ किलो भरते. कपाशी निघाल्यानंतर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक माळावर गाडी पहिल्यांदा जोरात चालवली, तेव्हा वीस फेऱ्यांनंतर केजचा एकही सांधा हलला नव्हता, मात्र सीटचे दोन बोल्ट किंचित सैल झाले होते. नानांनी त्यांना सहज सैल न होणारे नायलॉक नट बसवून दिले आणि प्रत्येक नटावरून प्लेटवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. पुढच्या जुलैत आतेभावाची गाडी त्यांच्याकडे न्यायची आहे; तिच्यासाठीचा पाइप सांगून ठेवला आहे आणि सीटच्या नियमांचा कागद या वेळी आधीच भिंतीवर चिकटवला आहे.